कुलूपवाल्याची शिकवणी

कुलूपवाल्याची नात पहिल्यांदाच आजोळी येणार होती आणि तिला इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. म्हणून या गड्याने उतारवयात शिकवणी लावली. सोबतीला मला ओढलं.

मास्तरीणबाईंची पद्धत एकच. शब्द जोडीने शिकायचे, उलट्याला सुलटा. त्या चेंडू फेकत ओरडायच्या, "बिग!" चेंडू आपल्या हातात पडायच्या आत "स्मॉल!" आलं पाहिजे, नाहीतर उभं राहा. त्यांचा पोपटसुद्धा असा तयार झाला होता, की "कम" म्हटलं की पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. खोटं सांगत असेन तर माझी कवळी गळून पडो. कुलूपवाल्याने त्या पोपटालाही मागे टाकलं.

"नातीशी मीच बोलणार," त्याने लेकीला बजावलं. "तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

नात आली. दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप दोन्ही हातांनी उचलून म्हणाली, "बिग!"

"स्मॉल!" आजोबा गरजले.

पोरीने कुलूप खाली ठेवलं. मग आपण काढलेलं आजोबांचं चित्र पुढे केलं. "गुड?"

"बॅड!"

तिचे डोळे भरून आले. याला सगळं कळत होतं हो! पण शब्द कानात शिरला, की त्याचा जोडीदार तोंडातून बाहेर.

"बाबा, लेकरू आहे ते! काय वैर आहे तुमचं?" लेक कडाडली.

"अगं, मी नाही बोलत. तोंड बोलतं."

"मग तोंडाला कुलूप घाला. ढीगभर पडलीत दुकानात!"

लेकीने पोरीला परोपरीने समजावलं. पण ती आजोबा दिसले की आत पळायची. मी म्हटलं, "गड्या, जीभ चाव." त्याने चावली. त्यानंतरही "बॅड" आलंच, फक्त बोबडं. शेवटी मास्तरीणबाईंकडे धावलो, तर त्या थंडपणे म्हणाल्या, "वाक्यं पुढच्या वर्गाला असतात."

निघायच्या दिवशी आईने कोपराने ढोसलं, तेव्हा नातीने गाडीची काच जराशी खाली केली आणि पुटपुटली, "बाय."

त्याने दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांच्या फटीतून निघालंच, "हॅलो!"

गाडी सुटली. हा मागे धावायला लागला, "हॅलो! हॅलो!" गाडी वळून दिसेनाशी झाली, मी दंड धरून त्याला घराकडे वळवलं, तरी त्याचं आपलं चालूच.