खिडकीतल्या पांढऱ्या चादरी

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदे आहेत, पण ते ओढण्यासाठी नाहीत. दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची एकेक पट्टी लटकते, निव्वळ शोभेला. गावात सगळ्यांचं तसंच. घरात लपवण्यासारखं काही नसेल तर खिडकी झाकायची कशाला, असं माझी आई म्हणायची, आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. रस्त्यानं जाणारा आत बघतो, हात हलवतो, आतला हात हलवतो आणि दोघं आपापल्या कामाला लागतात.

कोबुसचा पिंजरा याच खिडकीशी. कोबुस म्हणजे आमचा हिरवा पोपट. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्यानं, हिल्बर्टनं, त्याला घरी आणला. हे गाव आपल्याला सलाम करायला रस्त्यावरून जातं अशी कोबुसची ठाम समजूत आहे. कुणी हात हलवला की तो एक पाय वर करतो आणि गावच्या रीतीनं "मोई" म्हणून रामराम करतो. एखादा न बघता गेला तर दिवसभर घुश्श्यात.

पिम आला तो यंदाचा हिवाळा सरता सरता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा, यांटीनचा, राखाडी पोपट. यांटीनचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिला जवळच्या आसन शहरातल्या वृद्धाश्रमात जावं लागलं. तिथं पाखरं चालत नाहीत. पिम आधी दुसऱ्या कुणाकडे होता. त्या माणसानं त्याचे हाल केले होते, एवढंच यांटीन सांगायची. तिच्याकडे तो माणसाळला होता. पण तिच्यापासून तुटून आमच्याकडे आला तेव्हा छातीवरची पिसं उपटून त्यानं स्वतःला सोललेल्या कोंबडीसारखं करून घेतलं होतं. बघवत नव्हतं.

पिंजरा माझ्या हाती देताना यांटीन म्हणाली, "तो कोबुसच्या खोलीत, तुमच्यासमोर निवांत खायला लागेपर्यंत मी येणार नाही. मी दिसले तर त्याला वाटेल, मी न्यायला आले."

ती हट्टी आहे, माझ्याहून हट्टी. येणार नाही म्हणाली म्हणजे येणार नाही.

आसनला जखमी, टाकून दिलेल्या पोपटांना सांभाळणारी एक बाई आहे. तिनं सांगितलं तसं आम्ही केलं. पिमला आधी मागच्या खोलीत ठेवलं, एकटा, कोबुसपासून लांब. तिथं खिडकीबाहेर फक्त नाशपतीचं झाड. तो खायचा, हळूहळू माझ्या हातून अक्रोडही घ्यायला लागला. कोबुसला भिंतीपलीकडून त्याची शीळ ऐकू यायची आणि तो कान देऊन बसायचा. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग पिमला पुढच्या खोलीत आणलं. कोबुसच्या समोरच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, पिंजऱ्याच्या एका बाजूवर कापड टाकून. खाऊ आधी कोबुसला, मग पिमला, म्हणजे मत्सर नको. आणि पहिल्याच सकाळी पिम पिंजऱ्यात असा आपटला की पंखातून रक्त आलं.

रोज तेच. तो तळाशी कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, वाटीला चोच लावायचा नाही आणि अधूनमधून वेड्यासारखा फडफडायचा. त्याच्या आरडाओरड्यानं कोबुसनंही खाणं कमी केलं. आम्ही दोघांनीही दोष कोबुसला दिला. जुना राजा नव्याला टिकू देत नाही, असं हिल्बर्ट म्हणायचा, पण त्याचा जीव कोबुसमध्ये.

"ईस्टरपर्यंत बघू," तो एक दिवस कॉफी ढवळत म्हणाला. "नाहीतर आसनच्या बाईला सांगू. दक्षिणेत अशा पाखरांसाठी मोठी जाळीची घरं आहेत म्हणते."

पिम दक्षिणेत गेला असता तर यांटीन आमच्या उंबऱ्यावर पुन्हा कधी आली नसती. ती तोंडानं काही म्हणाली नसती, आणि तेच मला सोसलं नसतं.

त्या सकाळी मी हट्टाला पेटले आणि जमिनीवरच बसले, पिमच्या पिंजऱ्याला डोकं टेकवून. गुडघे कुरकुरले, पण बसले. खाली बसल्यावर खोली वेगळीच दिसते. खिडकीच्या कठड्यामुळे रस्त्यावरची माणसं दिसतच नाहीत. कठड्यावर एकदम एक हात उगवतो, वर उगारलेला. शेजारची लाम्मी सायकलवरून गेली, तिचा हात. पोस्टमन गेला, त्याचा. प्रत्येक हाताला पिम पिंजऱ्याच्या गजांवर आदळला. कोबुसकडे त्यानं बघितलंही नाही.

पहिल्या मालकानं काय केलं असेल ते यांटीननं सांगितलं नव्हतं, पण आता सांगायची गरज उरली नव्हती. इतकी वर्षं गाव आम्हाला प्रेमानं हात करत होतं आणि त्या पाखराला त्यात फक्त मार दिसत होता.

पट्ट्यांनी खिडकी झाकली जाईना. मग मी कपाटातून आईच्या जाड पांढऱ्या चादरी काढल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून खिडकीभर टांगल्या. खोलीत दुधट उजेड झाला. पिमचं फडफडणं थांबलं. मी इतकी खूश होते की आपण काय करून बसलो ते डोक्यातच आलं नाही.

थोड्या वेळानं दाराची घंटा वाजली. हिल्बर्टनं दार उघडलं. दारात हार्म, आमचा डाव्या हाताचा शेजारी, काळ्या कोटात, टोपी हातात घेऊन. मागे त्याची बायको लाम्मी, सुपाचं पातेलं घेऊन. आमच्याकडे घरात माणूस गेलं की खिडक्यांना पांढऱ्या चादरी लागतात, आणि पहिला, म्हणजे अगदी लगतचा, शेजारी न बोलावता येतो, पुढचं सगळं हाती घेतो. तरुण लोक आता तसं करत नाहीत. पण हार्म तरुण नाही.

हार्मनं हिल्बर्टकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे तू नाहीस," तो म्हणाला.

"मी कशाला असेन?"

"गेल्या वर्षी तुझ्या छातीत दुखलं होतं ना. आम्ही तुलाच धरून चाललो होतो." मग आवाज खाली आणून, "रुलफीन?"

"मी इथं आहे," मी आतून म्हणाले.

तेव्हा त्याचा चेहरा खरा उतरला. यांटीन आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे. मी घाईघाईनं सांगितलं की यांटीन ठणठणीत आहे, कुणी गेलं नाही, चादरी पोपटासाठी आहेत.

"पोपट मेला?"

"मरू नये म्हणून लावल्यात."

लाम्मी म्हणाली, सूप ती परत नेणार नाही. कांदे चिरताना ती हिल्बर्टसाठी म्हणून थोडी जास्तच रडली होती, ते फुकट गेलं ते गेलं, सूप तरी पोटात जाऊ दे. मी त्यांना आत घेतलं. काय करणार, कॉफी ठेवली. एवढ्यात रस्त्यापलीकडचे दोघं आले, तेही काळ्यात. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. पण माणसं एकदा दुःखाच्या घरात बसायच्या तयारीनं आली की ती तशीच बसतात. पाठ ताठ, हात मांडीवर, आवाज हळू. कुणी हसलं तरी तोंड दाबून.

कोबुसला बघायला रस्ताच उरला नव्हता. तो गुपचूप आपली पावाची कड कुरतडायला लागला. पिम त्याच्याकडे बघत राहिला. मग गजाला चोच लावत लावत वर चढला, वाटीपर्यंत आला, थांबला, सगळ्या मांडीवरच्या हातांकडे एकेक करून बघितलं, आणि खायला लागला.

"खातोय," हार्म पुटपुटला. काळ्या कपड्यांतली चार माणसं श्वास रोखून एका पोपटाचं जेवण बघत बसली. लाम्मीचे डोळे पुन्हा भरले. कांद्याचं ते निमित्तच होतं म्हणायचं.

चादरी कायमच्या ठेवता येणार नव्हत्या. जिवंतपणी मी सुतकात राहणार नाही, असं हिल्बर्टनं स्पष्ट सांगितलं. तेव्हा हार्म उठला, कोटाची बटणं लावली आणि म्हणाला, "तुमच्या खिडकीसमोर हात वर करायचा नाही. मी सांगून येतो." आणि खरंच तो गावातलं एकेक दार वाजवत गेला, मरणाची बातमी द्यायला जातात तसा, त्याच काळ्या कोटात. दोन-तीन घरांत लोक त्याला बघून आधी खुर्चीत बसले म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी चादरी काढल्या. लोक आमच्यापुढून खिशात हात घालून जायला लागले. सायकलवाले दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरून समोर बघत जात. पोस्टमन नुसती मान हलवायचा. कोबुसचा फार अपमान झाला. पाय वर करून करून तो थकला, "मोई" म्हणून म्हणून घसा बसला, गावानं त्याला वाळीतच टाकलं होतं. शेवटी त्यानं खिडकीकडे पाठ फिरवली आणि खोलीत उरलेल्या एकुलत्या एका श्रोत्याकडे, पिमकडे, पाय वर केला. "मोई."

पिम घाबरला नाही. पाय म्हणजे हात नव्हे, हे त्यालाही कळत असावं. आम्ही पिंजरे थोडे थोडे जवळ सरकवत गेलो. छातीवर राखाडी लव फुटायला लागली. ईस्टर आला आणि गेला, हिल्बर्टनं आसनच्या बाईचं नावही काढलं नाही. मी यांटीनला फोन केला, तो खातोय.

ती रविवारी आली, टॅक्सीनं, काठी टेकत. खिडकीशी बसली आणि आधी पोपटाकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिली. चर्चमधून लोक परतत होते, सगळे खिशात हात घालून.

"रुलफीन," ती म्हणाली, "गावाशी भांडण झालंय का तुमचं? एक माणूस हात करत नाही."

"तुझ्या पिमसाठी करत नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली. पिम गजापाशी आला, तिच्याकडून डोकं खाजवून घेतलं, डोळे मिटले. मग वळला आणि कोबुसच्या बाजूच्या दांडीवर जाऊन बसला.

"मी निघताना तो ओरडेल म्हणून मन घट्ट करून आले होते," यांटीन म्हणाली. "तो आपण होऊन दुसऱ्याकडे जाईल, याची तयारी नव्हती केली."

"वाईट वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "पण बरंही वाटलं. कॉफी दे, आणि एकच बिस्कीट देऊन डबा लगेच बंद करू नकोस."

टॅक्सी आली. मी पिंजऱ्यांपाशीच थांबले. यांटीन हिल्बर्टच्या हाताला धरून बाहेर गेली आणि खिडकीसमोर थांबली. तिचा उजवा खांदा किंचित उचललेला मला दिसला. मग तिनं काठी हिल्बर्टकडे दिली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, सगळ्या गावासारखे.

पिम तिच्याकडे बघत होता. तो पुढे झुकला आणि म्हणाला, "मोई." हुबेहूब कोबुसच्या घोगऱ्या आवाजात.

काचेपलीकडे तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी दार उघडून बाहेर गेले आणि तिला सांगितलं.