रक्षाचे बोलणे मी पोहोचवले

मित्रांनो, मी जुना आहे, पण बिघडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला आजवर तीनदा बिघडलेला ठरवण्यात आले आणि तिन्ही वेळा ठरवणारे चुकले.

मी वेबकॅम आहे. लिंबाएवढे गोल अंग, पुढे काचेचा डोळा, डोळ्याभोवती फिरणारी कडी, कडेला हिरवा दिवा, ऐकण्यासाठी टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र आणि मागे लांब वायर. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे येथे कौशल्याबाईंच्या कपाटात मी सुती रुमालात असतो. आता घरात लॅपटॉप आला आहे. त्याच्या कपाळावर कॅमेरा जन्मापासूनच असतो. त्याचा मला राग नाही. पण तो आज जे काम करतो, ते या घरात सर्वांत आधी मी केले.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून आगबोट, ट्रक आणि खोकी असा प्रवास करत मी नागपूरच्या सीताबर्डीवर एका दुकानात पोहोचलो. २००४ च्या दिवाळीत प्रफुलने मला विकत घेतले. प्रफुल नागपूरला नोकरी करायचा आणि सुट्टीला पिपरी मेघेला यायचा. त्याचे वडील प्रभाकरराव यांचे वर्ध्याच्या बाजारात भांड्यांचे दुकान होते. कौशल्याबाई त्याची आई, आणि रक्षा त्याची धाकटी बहीण. मला आणले ते रक्षासाठी.

रक्षा तेव्हा वीस वर्षांची होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. नागपूरच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत ती दहा वर्षे वसतिगृहात राहिली. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे हातांनी बोलायचे. शाळा संपली आणि ती घरी आली, तेव्हा तिच्याशी हातांनी बोलणारे कोणी उरले नाही. घरच्यांचा जीव होता तिच्यावर. पण 'जेव', 'ये', 'झोप' एवढ्याच खुणा त्यांना यायच्या. बाकीचे कागदावर लिहावे लागे. तिची शाळेतली मैत्रीण शालू नागपूरला होती, पण फोन काय कामाचा? फोनला कान लागतात. मला डोळा आहे, आणि रक्षाला तोच हवा होता.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. प्रफुलने खोके फोडले, माहितीपत्रक पलंगावर फेकले आणि माझी वायर थेट कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर पिवळे प्रश्नचिन्ह उमटले. त्याने वायर दहा वेळा काढली आणि लावली.

"खराब पीस देल्ला दुकानदारानं," तो म्हणाला. "उद्या वापस करतो."

रक्षाने पलंगावरचे माहितीपत्रक उचलले. त्यात आकडे घातलेली चित्रे होती. पहिल्या चित्रात सीडी होती आणि दुसऱ्या चित्रात वायर. तिने वायर काढली, सीडी घातली, माझा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला माझी ओळख करून देणारा प्रोग्रॅम, पूर्ण बसू दिला आणि मगच वायर जोडली. माझा हिरवा दिवा लागला. चित्र धुरकट होते, म्हणून तिने माझ्या डोळ्याभोवतीची कडी हळूहळू फिरवली. मला तिचा चेहरा स्वच्छ दिसला. ती हसत होती आणि प्रफुल डोके खाजवत होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी रक्षा आणि शालू पडद्यावर भेटू लागल्या. पण एक अडचण होती. रक्षा स्थिर बसली की ठीक दिसायची, हात हलवले की बोटांचा नुसता फराटा दिसायचा. शालू पलीकडून पुन्हा पुन्हा विचारायची, काय? काय म्हणालीस? तुम्ही बोलताना कोणी मधले शब्द कापून टाकले तर कसे वाटेल? तसेच ते होते. वर्ध्याच्या एका दुरुस्तीवाल्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि सांगितले, "याची काचच बेकार हाय. नवा घ्या."

काच उत्तम होती. दोष अंधाराचा होता. उजेड कमी असला की मला प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात हात हलला की चित्र फरफटते. हे मी कोणाला सांगणार? रक्षाने स्वतःच शोधले. एका दुपारी ऊन टेबलावर आले होते आणि तेव्हा तिची बोटे मोजता येतील इतकी स्पष्ट दिसली. तिने लगेच स्वयंपाकघरातला शंभर वॅटचा बल्ब काढून आणला आणि पडद्याच्या वर लावला. खिडकी पाठीमागे असल्याने तिचा चेहरा काळा दिसायचा, म्हणून तिने टेबलच फिरवले. इंटरनेट सावकाश चालायचे, म्हणून चित्राचा आकार लहान केला. त्या संध्याकाळी शालूने एकदाही 'काय?' असे विचारले नाही. दोघी दोन तास बोलल्या. कौशल्याबाई मात्र अंधारात पोळ्या लाटत होत्या आणि "माहा बल्ब कोठी गेला व?" म्हणून घरभर विचारत होत्या.

रक्षाने एक वही केली. तिच्या मराठीची वाक्ये तोकडी असत, पण चुकीची नसत. पहिल्या पानावर तिने लिहिले : 'चित्र नाही. पहिले वायर पाहा. मग मागचे भोक लाव, पुढचे ढिले. मग ड्रायव्हर. स्क्रीनवर काय लिहिले ते वाच. घाई नाही.' भोक म्हणजे कॉम्प्युटरला वायर खोचायची जागा. गल्लीत कोणाचा वेबकॅम अडला की लोक तिला बोलावू लागले. ती वही घेऊन जायची आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीलाच काम व्हायचे. त्या दोन वर्षांत तिचे हात पाहून पाहून मलाही त्यांची भाषा कळू लागली.

२००६ च्या पावसाळ्यात रक्षासाठी स्थळ आले. मुलाचे नाव नीरज. त्यालाही ऐकू येत नव्हते. मूळचे यवतमाळचे, पण आता पुण्यात असलेले कुटुंब होते आणि नीरज तिथे छापखान्यात काम करायचा. बघण्याच्या कार्यक्रमाला दोन्हीकडची मिळून चौदा माणसे बैठकीत बसली. सगळी बोलली, फक्त रक्षा आणि नीरज बोलले नाहीत. तेवढ्या माणसांसमोर हात उचलायला दोघेही लाजले. पाहुणे पुण्याला परतले आणि फोनवर होकार कळवला. आता इकडून उत्तर जायचे होते.

रक्षाने कागदावर लिहिले : 'मला त्याच्याशी बोलायचे आहे. मग सांगते.'

प्रभाकररावांची मोठी बहीण देवकाबाई हिंगणघाटहून आली होती. तिने तो कागद वाचून घेतला आणि म्हणाली, "दोघायलेही आयकू येत नाई. मंग बोलाचं काय हाय त्यात? प्रभाकर, तू होय म्हणून टाक. असं स्थळ पुन्हा भेटन का?"

प्रभाकरराव विचारात पडले. शेवटी म्हणाले, "रविवारी दहा वाजता त्यायले कॉम्प्युटरवर बसा म्हणतो, बाई. पोरगी म्हणते तं बोलू दे. पण त्या दिवशी उत्तर देऊन टाकू. लोकायले लटकवून ठेवणं बरं नाई."

रविवार उजाडला. अकरा वाजता लोडशेडिंगमुळे लाईन, म्हणजे वीज, जाणार, हे सर्वांना माहीत होते. नीरज आईवडिलांसह पुण्यात एका इंटरनेट कॅफेत येऊन बसला. दहाला रक्षा माझ्यासमोर बसली. मागे प्रभाकरराव, कौशल्याबाई, देवकाबाई आणि प्रफुल उभे होते. नीरजचे चित्र आले. पण आमच्या बाजूचे चित्र काळे होते. माझा दिवा लागलेला होता, माझा डोळा उघडा होता, मला रक्षा दिसत होती, तरी पलीकडे काहीच जात नव्हते!

प्रफुल पुढे झाला. पडद्यावर इंग्रजी सूचना आली, त्याने ती न वाचताच बंद केली. पुन्हा आली, पुन्हा बंद केली. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली.

"मेला हा कॅमेरा," प्रफुल म्हणाला. "दोन वर्षं चालला, भरपूर झालं."

फोन वाजला. नीरजची आई शोभाबाई विचारत होत्या, "दिसत नाई इकडं काई. मंग काय करता? होय समजू का आम्ही?"

"म्हणून टाक होय," देवकाबाई म्हणाली.

प्रभाकररावांनी तोंड उघडले होते. रक्षाला शब्द ऐकू आले नाहीत, पण वडिलांचे ओठ तिने पाहिले. तिने उठून फोनवर हात ठेवला. मग एक बोट वर केले. एक मिनिट. असा हात तिने वडिलांसमोर आजवर कधी केला नव्हता. प्रभाकरराव फोनवर म्हणाले, "थांबा जरा. पोरगी पाहून राह्यली."

मित्रांनो, माझा मात्र तिच्यावर पूर्ण विश्वास होता. तिने वायर पाहिली. घट्ट होती. भोक बदलले. काही फरक पडला नाही. सूचना पुन्हा आली आणि प्रफुल ती बंद करायला वाकला, तेव्हा तिने त्याचे मनगट धरले. ती सूचना एकेक शब्द करून वाचू लागली. इंग्रजी तिला थोडेच यायचे, पण 'दुसरा प्रोग्रॅम' आणि 'वापरत आहे' एवढे तिला उमगले. तिने पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळच्या बारीक चित्रांकडे पाहिले. त्यांत एक चित्र रोजचे नव्हते. सकाळी प्रफुलने माझ्याकडून स्वतःचे फोटो काढले होते आणि तो प्रोग्रॅम लहान करून तसाच ठेवला होता. मी अजून त्याच्याच कामाला जुंपलेला होतो. एका वेळी मी एकाचेच काम करतो. रक्षाने तो प्रोग्रॅम बंद केला. माझा दिवा विझला आणि पुन्हा लागला. पलीकडे नीरजने दोन्ही हात वर केले. दिसली!

साडेदहा झाले होते.

रक्षाने हातांनी विचारले, 'तुझ्या घरी हातांनी कोण बोलतं?'

'कोणी नाही.'

'तू कामावर गेलास की मी कोणाशी बोलू?'

'मी सातला घरी येतो.'

'सातपर्यंत?'

मागे उभी असलेली आमची माणसे एकमेकांकडे पाहत होती. "काय म्हणून राह्यली?" देवकाबाईने विचारले. कोणालाच सांगता आले नाही.

नीरजने बाजूला बसलेल्या आईचा हात धरून तिला चित्रात ओढले. त्याने तिची बोटे आपल्या बोटांनी वळवली आणि एक खूण करून दाखवली, 'बोलू'. शोभाबाईंनी लाजून हात पदराखाली घेतला. नीरजने तो पुन्हा बाहेर काढला. मग शोभाबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहत ती खूण एकटीने केली. वेडीवाकडी होती, पण रक्षाला कळली.

रक्षाने कागद ओढला आणि वडिलांसाठी लिहिले : 'घरात मी एकटी नको. त्यांनी हाताने बोलायला शिकावे. आधी शिकावे, मग लग्न. मग हो.'

प्रभाकररावांनी फोनवर ते जसेच्या तसे वाचून दाखवले. पलीकडून शोभाबाई म्हणाल्या, "शिकीन ना. पण मले शिकवन कोण?"

इकडे कौशल्याबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. हळूच म्हणाल्या, "मी तरी कोठी शिकली, बाप्पा? बावीस वर्षाची झाली पोरगी."

लाईन गेली तेव्हा पडद्यावर चौघांचे हात होते : रक्षा, नीरज, शोभाबाई आणि रक्षाशेजारी येऊन बसलेल्या कौशल्याबाई यांचे.

पुढचे सात महिने मी शाळेचा फळा झालो. नीरजने घरी कॉम्प्युटर आणला. रोज पाच वाजता रक्षा माझ्यासमोर बसून शोभाबाईंना शिकवायची आणि तिच्या शेजारी कौशल्याबाई बसायच्या. विहीण सरस निघू नये म्हणून कौशल्याबाई भांडी घासतानाही बोटे वळवत राहायच्या. २००७ च्या उन्हाळ्यात लग्न झाले आणि रक्षा पुण्याला गेली. वही मात्र तिने माझ्याजवळ ठेवली.

कौशल्याबाईंनी तोवर कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात माझे चित्र गेले, आणि प्रफुल नागपूरला होता. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवले. वायर पाहिली. मग गुडघे टेकून टेबलाखाली गेल्या आणि मागचे भोक शोधले. माझा दिवा लागताच त्या टेबलाखालूनच ओरडल्या, "लागला!"

पण मला सर्वांत जास्त आठवते ती त्या वर्षीच्या नवरात्रातली एक संध्याकाळ. जेवलीस का, सासू बरी आहे का, अशी नेहमीची विचारपूस झाली. मग कौशल्याबाईंचे हात मांडीवर थांबले. थोड्या वेळाने वर आले. सावकाश, एकेक खूण नीट करत त्या म्हणाल्या, 'तू गेलीस. घरात बोलायला कोणी नाही.'

रक्षा पडद्याच्या अगदी जवळ आली. तिने ते पुन्हा करायला सांगितले. कळले नाही म्हणून नव्हे. आईने पुन्हा केले.

तेवढ्यात प्रभाकरराव दुकानातून आले. चपला काढता काढता त्यांनी विचारले, "काय सांगून राह्यली तिले?"

"काई नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "वांग्याच्या भाजीचं इचारून राह्यली."

पलीकडे रक्षाने आईचे ओठ वाचले होते. ती खांदे हलवत हसत सुटली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरीही असतील. आमची काच मऊ सुती कापडाने पुसा, वायर ओढून काढू नका, आणि पडद्यावर आलेली सूचना बंद करण्याआधी वाचा. आम्ही बहुधा बिघडलेले नसतो, आमचे ऐकून घेतलेले नसते. आणि घरात कोणी हातांनी बोलणारे असेल, तर कॅमेरा घेण्याची वाट पाहू नका. आज जेवायला बसाल तेव्हा त्याच्याकडून एक खूण शिकून घ्या.