आतली ओळ, बाहेरची ओळ

रविवार असूनही नेत्राने सकाळपासून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं होतं, आणि कॉम्प्युटरने तिचा अंत पाहायचं ठरवलं होतं. चंडीगडमधल्या मराठी मंडळींच्या 'स्नेहवर्धिनी' संस्थेची वधू-वर वेबसाइट आता सुरू व्हायची होती. बदलीवर आलेल्या घरांना स्थळांसाठी पुण्या-नागपूरच्या चकरा माराव्या लागत. ती पायपीट वाचावी, म्हणून सेक्टर ३४ मधल्या कंपनीत प्रोग्रॅमर असलेल्या नेत्राने हे काम हौसेने अंगावर घेतलं होतं.

सगळं जमलं होतं, अडलं होतं एका चौकटीपाशी. संस्थेचे सेक्रेटरी श्रीनिवासकाका म्हणाले होते, "मुलींच्या पानावर 'फक्त प्रथमविवाह' अशी चौकट टाक. पान उघडतानाच तिथे बरोबरची खूण हवी. विधवा, घटस्फोटितांच्या ओळी आपोआप लपल्या पाहिजेत."

त्या पानावर नेत्राबरोबर मेघनाही होती, तिची वहिनी. नेत्राचा भाऊ जयंत पिंजौरच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हा मेघनाच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. कितीतरी महिने मागे लागून नेत्रानेच तिचं नाव नोंदवलं होतं, आणि आता ते लपवणारी स्क्रिप्टही, म्हणजे पानामागचा छोटा प्रोग्रॅमही, तीच लिहीत होती. काकांना नाही म्हणायला जीभ रेटली नव्हती. शिवाय हे नुसतं तांत्रिक काम आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती. शिकलेल्या माणसांना अशा समजुती फार लवकर सापडतात.

पण स्क्रिप्ट ऐकेल तर शपथ. पानावर एक मोठा तक्ता होता, त्यात प्रत्येक मुलीची एक ओळ. त्या ओळीच्या पोटात पुन्हा छोटा तक्ता: शिक्षण, उंची, वैवाहिक स्थिती, घरची माणसं. स्क्रिप्ट 'विधवा' हा शब्द शोधायची आणि तो ज्या ओळीत असेल ती लपवायची. पण ती ओळ निघायची आतल्या तक्त्यातली. त्यामुळे शब्द तेवढा गायब व्हायचा आणि मेघना पानावर जिथल्या तिथे राहायची.

"काय वैताग आहे," नेत्रा पुटपुटली.

चहाचा कप ठेवायला आलेल्या मेघनाने पडद्याकडे पाहिलं. "बरंय की. विधवापण गेलं, बाई राहिली. असंच ठेव ना यार."

नेत्राला हसू आलं नाही. तिने स्क्रिप्टला आतल्या ओळीवरून बाहेरच्या ओळीपर्यंत चढायला शिकवलं आणि पान पुन्हा उघडलं. मेघनाची सबंध ओळ गेली. पण तिच्याबरोबर नेत्राची स्वतःचीही गेली. नेत्रा चक्रावली. मग तिने आपली माहिती उघडून वाचली. घरची माणसं: आई, बाबा, वहिनी (विधवा).

तेवढ्यात श्रीनिवासकाका आलेच. मेघनाच्या हातचा चहा घेतला, तोंडभर वाखाणला आणि पडद्यावर नजर टाकली. "तुझीच ओळ गेली होय? सोपं आहे. घरच्या माणसांतून मेघनाचं नाव काढ."

"मीही तेच म्हणणार होते," नेत्राची आई शशिकलाबाई म्हणाल्या. "अंबाल्याचे लोक नेत्राला बघायला यायचेत. मेघना तशीही तेव्हा आतच असते."

त्यांच्या बोलण्यात काडीचाही दुष्टावा नव्हता, आणि संताप यावा तो याचाच. नेत्राला बघायला कोणी आलं, की पोहे मेघनाने करायचे, वाहवा नेत्राने घ्यायची आणि मेघनाने स्वयंपाकघरात बसून राहायचं, हे त्या घरात कोणीही न सांगता ठरून गेलं होतं.

मेघना दारातच उभी होती. "आई, तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून मी आत बसते. पण लग्नाच्या पानावर मी नको, नेत्राच्या घरातही नको. मग मी आहे तरी कुठे? मघाशी मी थट्टा केली, पण तो शब्दसुद्धा लपवू नका. तो खरा आहे. वाचून ज्याला जायचं तो जाऊ दे. आधी वाचू तर द्या."

नेत्राला स्वतःचीच लाज वाटली. सकाळपासून ती जिच्यावर डोकं फोडत होती, ती चूक स्क्रिप्टमध्ये नव्हतीच.

"काका, मुलांच्या पानावर विधुर आहेत. तिथे चौकट टाक, असं तुम्ही म्हणाला नाहीत."

"पुरुषांचं वेगळं असतं, बेटा."

नेत्राने सबंध स्क्रिप्ट पुसून टाकली.

काकांचा चेहरा उतरला. "सेक्टर ३४ मध्ये हे काम करणारी पोरं पैशाला पासरी मिळतात."

"मिळतील. त्यांना सांगा, माझीही ओळ लपवा. वहिनी आणि मी एकाच घरातल्या आहोत."

"अंबाल्याच्या लोकांना कळलं तर?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"कळू दे."

काका चहा अर्धा टाकून निघून गेले. त्यांना दुसरा कोणीतरी मिळेल, हे नेत्राला पक्कं ठाऊक होतं. आज ना उद्या ती चौकट पानावर येईल, आणि घराघरांतून शहाणीसुरती माणसं तिथली खूण तशीच राहू देतील.

मेघना कप उचलून आत गेली. शशिकलाबाई चष्मा लावून, खुर्ची ओढून नेत्राच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी मेघनाची ओळ पहिल्यांदाच नीट वाचली.

"नुसतं एम. एस्सी. काय लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्गात पास झालीय ती. ते घाल."