दुसरा खटका

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर पान्याची कुरकुर ऐकू यायची नाही, आणि आजची गोष्ट त्या कुरकुरीतलीच आहे. एका बहिणीची, तिच्या भावाची, भावजयीची आणि एका म्हाताऱ्या इंजिनाची.

थोरलीनं शेवटचा बोल्ट सोडवला, तसा होडीच्या इंजिनाचा खालचा भाग, गिअर आणि पंख्यासकट, तिच्या मांडीवर येऊन पडला. गिअरच्या डब्याला लांबलचक भेग गेलेली, पंख्याचं एक पातं कानासारखं मुडपलेलं. तिनं तो उचलला आणि शेडच्या दारात बसलेल्या धाकट्या भावासमोर आपटला.

"घ्या, दर्यासारंग. उशाला घेऊन झोपा."

भाऊ हसल्यासारखं करून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

वडिलांनी होडी थोरलीच्या नावावर केली होती आणि माणसं पार न्यायचं काम भावाला दिलं होतं. नदीच्या वळणावरचा खडक काठावरच्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक. त्यावर हा जाऊन आदळला. थोरलीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, इंजिन दुरुस्त करायचं आणि होडी शेजारच्या गावच्या नावाड्याच्या हवाली करायची. तो आज दुपारी यायचा होता. भावाला दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं.

भंगारातल्या तशाच एका इंजिनाचा खालचा भाग तिनं मिळवून आणला होता. त्याच्या उभ्या दांड्याच्या दातांना ती बोटानं ग्रीस फासू लागली. भावजय हात पुढे करून शेजारी उभी होती.

"हा खालून धर, महाराणी. बाळाला धरतात तसा नको, चोराला धरतात तसा धर."

"हो, वन्सं."

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघतेय. होडीत बसतेस तीसुद्धा गाठोड्यासारखी. वल्हं कुठलं आणि सुकाणू कुठलं, कळतं तरी का?"

भावजयीनं भाग वर उचलला. दात दातांत बसेनात. थोरलीनं इंजिनाचं चाक हातानं हळूच फिरवलं, कुठंतरी आत खळकन् वाजलं आणि सगळं वजन एकदम वर सरकलं. थोरलीनं बोल्ट अडकवले. मग इंजिनाच्या बाजूची गिअरची दांडी पुढे ढकलली. खटका वाजला.

"लागला पुढचा गिअर. खालचा भागही पुढच्यातच ठेवलाय. आता वरची सळई खालच्या सळईला जोडली की झालं."

"ताई, त्या दांडीला जरा..." भाऊ दारातून म्हणाला.

"तू तोंड उघडू नकोस. ज्याला डोंगराएवढा खडक दिसत नाही त्यानं मला खटके शिकवू नयेत."

"पण, ताई..."

थोरलीनं पाना उगारला. भावानं बायकोकडे पाहिलं आणि मान हळूच हलवली. नको.

ग्रीसचे हात पुसता पुसता भावजय थांबली. वडील गेल्यानंतरच्या वर्षांत ती गिअरची दांडी झिजली होती. पहिल्या खटक्याला गिअर लागला असं वाटे, पण तो लागलेला नसे. अजून नेट लावला की दुसरा, बुजरा खटका येई, तो खरा. इथंच सळया जोडल्या तर पुढचा चालला असता, मागचा गिअर मात्र अर्धाच लागून सटकला असता. आणि धक्क्याला लागताना होडीला दुसरा ब्रेक नसतो. हे बघून कळत नाही. चालवणाऱ्याच्या मनगटालाच कळतं.

थोरलीनं सळईत बोल्ट घातला.

"वन्सं, तो खोटा खटका आहे."

"काय?"

भावजयीनं पुढे होऊन दांडीवर तळहात ठेवला आणि खांद्याचा जोर दिला. दुसरा खटका वाजला, जेमतेम ऐकू येईल एवढा.

थोरली त्या हाताकडे बघत राहिली. दांडीच्या मुठीवर तो सवयीनं बसला होता, अंगठा वर, मनगट आत वळलेलं.

"होडी खडकावर कोणी घातली?"

"मी."

"खोटं बोलतेय ती, ताई," भाऊ घाईनं उठला.

"तू बस." थोरलीचा आवाज उतरला होता. "कशाला शिकायला गेलीस गं?"

"गाठोडं म्हणू नये कुणी, म्हणून."

थोरलीनं बोल्ट काढला, सळई वर ओढून घेतली, पुन्हा घातला आणि आवळला. गरज होती त्याहून जास्तच आवळला.

बाहेर नावाड्याच्या सायकलची घंटी वाजली. थोरली हात पुसत दाराशी गेली.

"होडी द्यायची नाही," ती नावाड्याला म्हणाली.

"मग चालवणार कोण? तुमचा तो आंधळा?"

"माझ्या भावाला आंधळा म्हणायचं तर मी म्हणेन. तुला कुणी नेमलंय? सायकल वळव."

नावाडी पुटपुटत गेला. थोरली आत आली, भावजयीकडे न बघता म्हणाली, "उद्या वळणापर्यंत मी तुझ्या पुढे बसेन. पाण्याचा रंग बदलला की दांडी मागं, खडक दिसायची वाट बघायची नाही. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, होडीत नको."

मग भावाकडे वळून, "पाणी आण रे प्यायला."

भाऊ उठला.

"राहू दे," ती म्हणाली. "बस. मी आणते."

एवढीच गोष्ट. आज डोळे मिटून देवापुढे बसाल, तेव्हा त्या नवराबायकोची आठवण तुम्हाला आपोआप येईल. माझं मागणं थोरलीसाठी आहे. चुकले म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही. तेव्हा देवापुढे तिचीही आठवण ठेवा.