भर दुपारचा आगीचा गोळा

ऐका ना आधी, मग हसा. काल दुपारी मी आणि मामा, आम्ही कामाला आहोत त्या काचेच्या दुकानातून, मोठा आरसा टेम्पोकडे नेत होतो. आमचा नियम असा, की मी उलटी चालते, मामा पुढचं बघतो, आणि तो ‘सोड’ म्हणेपर्यंत हात काढायचा नाही, काही झालं तरी.

तर मला आरशातच दिसलं. लख्ख उन्हात पांढराफटक गोळा, मागे धुराची शेपटी, सर्रकन खाली. मामाने वर बघितलं आणि जागीच थिजला. मी आपली मागे चालतेच आहे. आरसा दाराच्या चौकटीवर आदळला, खळ्ळकन. माझा तळवा चिरला.

मालक धावत आला. “परत ढोसून आलास?”

“आकाशात आगीचा गोळा होता, मालक.”

“दिवसा तारे दिसतायत म्हणजे चांगलीच चढलीय. तोंड उघड.”

मामाने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. वर्ष झालं, थेंब घेतला नाही त्याने. मी म्हटलं, मीपण पाहिलं.

“तू गप. मामाचीच भाची.” आणि त्याने धड न हुंगताच सरळ मामीला फोन लावला. “तुमचा नवरा पुन्हा सुरू झालाय.”

मामीने बजावून ठेवलंय, पुन्हा प्यायलास तर पोरांना घेऊन कायमची जाईन. मामाच्या तोंडचं पाणीच पळालं.

तेवढ्यात धडाम. अख्खं दुकान हादरलं, लाकडी घोड्यावर उभ्या रचलेल्या काचा थडथडल्या, मालक टेबलाखाली. बाहेर लोक वर बोटं दाखवत ओरडतायत.

मालक टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकले. “बघत काय बसलात? काचा झाडा, दुसरा आरसा काढा. गिऱ्हाईक थांबलंय.”

“मामीला सांगा की आधी,” मी म्हटलं.

“मला कामं नाहीत का?”

माझ्या हाताला फडकं, म्हणून दुसरं टोक मालकालाच धरावं लागलं. उलटा चालत निघाला. बरोब्बर दारात मामा थांबला.

“अरे, चल ना. नाहीतर सोड म्हण. हात भरून आले.”

“आधी तिला खरं सांगा.”

मालकाने आईबाप काढले. मामा ढिम्म. मालकाच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरायला लागला, तेव्हा म्हणाला, “लाव फोन.” मी त्याच्या खिशातून काढून स्पीकरवर धरला.

“वहिनी, तो प्यायला नव्हता. वरून खरंच काहीतरी पडलं.”

“आवाज ऐकला मी,” मामी म्हणाली. “पण तोंड हुंगल्याशिवाय घरात घेणार नाही. आणि तुम्ही पुन्हा फोन करू नका.”

मालक म्हणाला, “झालं? सोडू?”

“टेम्पोपर्यंत चला,” मामा म्हणाला.