तीनशे साठला दहा शेअर

आईचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दोन कॉम्प्युटर, भिंतीवर एक मोठा पडदा आणि त्याच्यासमोर सहा खुर्च्या. आई शेअर दलाल आहे. पूर्वी या खुर्च्यांसाठी लोक भांडायचे म्हणे! सकाळी येऊन जागा धरायची, पडद्यावर भाव बघायचे, ओरडायचं, चहा सांडायचा. आता सगळ्यांचा बाजार खिशातल्या फोनमध्ये शिरलाय. ज्यांना ते जमत नाही ते आईला फोन करतात. त्यामुळे आई दिवसभर बोलत असते, फक्त माझ्याशी नाही.

खुर्च्या सहा आणि बसणारे दोघे. शाळेतून थेट तिथे येणारी मी, आणि चष्मेवाले आजोबा.

आजोबांचं चष्म्याचं दुकान होतं. आजी गेल्या, मग दुकान विकलं, मुलगा लांब राहतो. रोज जेवण झालं की ते जिना चढून येतात, कडेच्या खुर्चीत बसतात आणि आईला म्हणतात, "नेहमीचं." मग आई ऑर्डर लावते. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीचे दहा शेअर, तीनशे साठच्या भावाला. त्या शेअरचा चालू भाव असतो चारशे दहाच्या आसपास. तीनशे साठला कोण देणार? कुणीच देत नाही. बाजार बंद झाला की त्या दिवसाची ऑर्डर आपोआप रद्द होते. दुसऱ्या दिवशी परत जिना, परत "नेहमीचं."

मागच्या वर्षापर्यंत मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग माझी एकुलती एक मैत्रीण शाळा सोडून गेली. बाबा जहाजावर, ते तर नसतातच. दुपारभर त्या पडद्याशिवाय बघायला काही नव्हतं, म्हणून मी त्यावरचा एकेक शब्द पकडून त्याची मानगूट धरायला लागले. आणि खरं सांगते, हे शब्द दिसतात तेवढे शूर नसतात. कोट काढला की आतून आपल्यासारखेच निघतात. मला इतका जोर चढला की कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत प्रयत्न केला, तर वर्गातल्यांनी मला 'सेन्सेक्सबाई' करून टाकलं. आजोबा मात्र खुर्ची वळवून बसतात.

"बोला मास्तरीणबाई, आज काय?"

"आज स्प्रेड. घेणारा म्हणतो तो भाव बिड, विकणारा म्हणतो तो आस्क. समजा, आई म्हणते सातला घरी ये, मी म्हणते नऊला येते. मधले दोन तास म्हणजे स्प्रेड."

"आणि सौदा कितीला होतो?"

"सातला!" फोनवर हात ठेवून आई.

"बरं, मार्केट ऑर्डर म्हणजे भूक लागलीय, असेल ते आणा, असेल त्या भावाला आणा. लिमिट ऑर्डर म्हणजे याच भावाला हवं, नाहीतर मी उपाशी."

"म्हणजे मी किती दिवस उपाशी आहे बघ," म्हणून आजोबा खो-खो हसले.

तेव्हा मी बोलून गेले, "मग थोडं वर चढा ना. चारशे दहा म्हणा, या मिनिटाला मिळतील."

ते चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. "घाई काय आहे?" म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेअर मिळाले की 'नेहमीचं' संपलं. मग यायचं कशाला? 'नुसता बसायला आलोय' असं म्हणणाऱ्यातले ते नाहीत. आणि ते आले नाहीत तर सहा खुर्च्या आणि मी. त्या दिवसापासून त्या काचांच्या कंपनीचं भलं व्हावं असं माझ्याइतकं तिच्या मालकालाही वाटत नसेल.

आणि मग बाजार पडला.

शाळेतून आले तर आईचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. "काका, घाबरून विकू नका… अहो, सगळ्यांचंच पडलंय!" वर पडदा नुसता लालभडक. व्याजदर वाढणार म्हणून कुठेतरी कुणीतरी बोललं होतं आणि सगळे दाराकडे धावत सुटले होते. आजोबा खुर्चीच्या काठावर बसले होते. त्यांची ऑर्डर लागलेली होती. काचांची कंपनी तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"पडतोय गं," ते म्हणाले. दुसरा कुणी असता तर टाळ्या पिटल्या असत्या.

तीनशे अठ्ठ्याहत्तर. तीनशे एकाहत्तर. व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअर हातोहात फिरतायत तो आकडा, नुसता पळत होता.

मी त्यांच्या शेजारी सरकले. "आजोबा, ऑर्डर बदलता येते हं. मॉडिफाय म्हणतात त्याला. तीनशे वीस करू या?"

"का?"

"असंच. अजून स्वस्त मिळतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना कळलं. "इतके दिवस सांगतोय तीनशे साठला घेतो म्हणून. आता कुणी द्यायला आला तर मागे सरू?"

"बाजारात सगळेच सरतात."

"दुकानात नसतं चालत ते."

तीनशे सहासष्ट. तीनशे त्रेसष्ट. आईच्या दोन्ही कानांना फोन. तिला खूण केली असती तरी उपयोग नव्हता. ज्याची ऑर्डर, त्यानेच रद्द कर म्हणायचं असतं. "थांब ना गं बये," मी पडद्यावरच्या त्या कंपनीला म्हणाले. ती कशाला थांबते! तीनशे साठ.

कॉम्प्युटर टुण्‌ वाजला. आई वाकली. "आजोबा, मिळाले! नाही, थांबा. चार मिळाले."

"चारच?"

"पार्शल!" मी किंचाळलेच. "म्हणजे अर्धवट! त्या भावाला तेवढेच मिळाले. सहा अजून रांगेत आहेत."

मग आम्ही दोघं त्या सहांकडे बघत बसलो. तीनशे एकसष्ट. चौसष्ट. एकोणसत्तर. लोकांची भीती जरा ओसरली असावी. तीनशे चौऱ्याहत्तरला बाजार बंद झाला आणि पडद्यावरचे आकडे जिथल्या तिथे थिजले.

एरवी आकडे थांबले की आजोबा उठतात. आज उठले नाहीत.

"कुणाचे होते गं ते चार?"

"ते कधीच कळत नाही. समोरचा दिसतच नाही."

"नावही नाही?"

"नाही."

"चारच होते बिचाऱ्याकडे. घाबरला असेल." थोड्या वेळाने म्हणाले, "किंवा नड असेल."

त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी सुसाट सुटले. "पण तुम्ही आता मालक झालात! चार शेअरचे का होईना. कंपनीने नफा वाटला तर तुम्हाला डिव्हिडंड येणार. वर्षाला एकदा सगळ्या भागधारकांची सभा असते, तिचं बोलावणं येणार."

"सभा?" ते ताठ झाले. "माणसं येतात तिला?"

"यायची. आता बहुतेक ठिकाणी फोनवरच होते."

"अस्सं," म्हणाले आणि परत खुर्चीला टेकले.

आई कुणाला तरी अजून समजावत होती.

"बाकीच्या सहांचं काय मग?"

"ती ऑर्डर गेली. आता नवीन लावावी लागेल," मी म्हणाले. "उद्या." फोनवर सांगितलं तरी चालतं, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणाले, "त्यासाठी तुम्हाला यावं लागेल."

"यावं तर लागेलच," आजोबा म्हणाले. "तीनशे साठलाच लावायची."

"भाव परत इतका खाली यायचा नाही."

"न येईना."

ते कठडा धरून हळूहळू उतरले. खालचं दार लागल्याचा आवाज आला. मी पडदा बंद केला आणि आईचा फोन संपायची वाट बघत बसले.