राजाचा डोळा

खोट्या नोटा जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला नोट पुरते. दुसऱ्याला ती करणारा हातही ओळखायचा असतो. मी दुसऱ्या पंथातला, आणि म्हणूनच त्या दुपारी पेणमधल्या हरेशच्या गणपतींच्या कारखान्यात श्वास रोखून उभा होतो. माझ्याजवळची सहाव्या जॉर्जची दहा रुपयांची नोट, नखशिखान्त हाताने रंगवलेली, ओल्या शाडूच्या गोळ्यावर पडली होती आणि तिच्यावर हरेशचा अंगठा होता. अंगठा एकदा दाबून फिरवला असता, तर नोट मातीत मळून गेली असती.

"माझ्या आजोबांचं नाव ह्यात कशाला ओढता, काका?" हरेश हळू आवाजात म्हणाला. कारागीर जेवायला गेले होते, तरी त्याने दाराकडे पाहिले.

नोट रोह्याच्या गोदूबाईची. महायुद्धाच्या काळात तिच्या बापाला भाताच्या मोबदल्यात अशा दोन नोटा मिळाल्या. एक बाजारात पकडली गेली. ती पेणच्या गिऱ्हाइकाने दिली, हे त्याचे म्हणणे कोणी मानले नाही. तो तुरुंगात गेला, आणि त्याच्या घराला वाडी अजूनही 'छापखाना' म्हणते. दुसरी नोट कणगीखाली राहून गेली होती. ती माझ्या हाती देताना म्हातारीने किंमत सांगितली नाही, अट घातली: "माझ्या बाला धड सही येत नव्हती, तो राजा काय काढतोय? ही कुणी काढली त्याला शोध. नायतर नोट परत आण."

भिंगाखाली मला तो माणूस सापडला होता. वेलबुट्टी, अक्षरे, मुकुट, सारे मुळाबरहुकूम होते. राजाच्या डोळ्यापाशी मात्र हात आपल्या सवयीवर गेला होता. पापणीची रेघ नाकाकडून एका दमात निघाली होती आणि शेवटी किंचित वर उचलली होती. पेणमध्ये मूर्तीचे डोळे रेखाटण्याला आखणी म्हणतात; आणि अशी उचललेली आखणी एकाच कारखान्याची.

"डोळे पेणमध्ये शंभर जण काढतात," हरेश म्हणाला.

"असे नाही. 'आजोबांची आखणी' हे तुम्हीच पाटीवर लिहिलं आहे."

"मग पाटी उतरवून देऊ? तुमच्या कपाटात एक कागद वाढेल. त्या पाटीवर इथे पंचवीस घरं जेवतात."

"आणि गोदूबाईच्या घराला लोक छापखाना म्हणतात, त्याचं काय?"

हरेशचा अंगठा हलला नाही. नोटेची एक कड ओल धरून काळवंडू लागली होती. ती हिसकावण्यात अर्थ नव्हता, फाटलीच असती. मी फळीवरच्या मूर्तीकडे बोट केले. तिचे रंगकाम पुरे झाले होते, डोळे तेवढे राहिले होते.

"त्या मूर्तीचे डोळे काढा. आजोबांच्या आखणीहून वेगळे निघाले, तर नोट मळून टाका. मी गोदूबाईला तोंड दाखवीन कसंतरी."

हरेश हसला. "एवढंच ना?" नोट तशीच मातीवर ठेवून त्याने कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि डावा हात मूर्तीच्या गालापाशी टेकवला.

कुंचल्याचे टोक पापणीवर गेले आणि थांबले. मुद्दाम वाकडी रेघ काढणे एवढेच काम होते. त्याने हात मागे घेतला, टोक ओठांत धरून सारखे केले, पुन्हा नेले. त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. मला एकच भीती होती: तो खरोखरच वाकडी रेघ ओढील.

"देवाचा डोळा आहे, काका," तो पुटपुटला. आणि रेघ निघाली. नाकाकडून, एका दमात, शेवटी किंचित वर. दुसरी तिच्या जोडीची.

हरेशने कुंचला धुऊन ठेवला. मग त्याने नोट मातीवरून अलगद सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"रोह्याला तुम्ही एकटे जाऊ नका. मी येतो. जे सांगायचं ते मी सांगतो."

गोदूबाई अंगणात वाल सोलत होती. हरेश तिच्यापुढे उकिडवा बसला आणि खालच्या मानेने सांगू लागला. तिने सारे ऐकून घेतले, सालींची टोपली बाजूला सारली आणि कुंपणापलीकडे हाक मारली.

"कमळे, ये गो! संध्यालापण आण. छापखानेवाला आलाय, पेणचा." मग ती हरेशकडे वळली. "हां. आता उभा राहा, बाळा. आजाचं नाव घे. आणि मोठ्यानं बोल, पार पलीकडच्या पडवीत ऐकू गेलं पायजे."

हरेश उभा राहिला.